वार खाली

सासूबाई अजून शेजारी सांगतात, सून कॉम्प्युटरवर टायपिंग करते. मी पण आता समजवायचं सोडलंय. पण खरं काम टायपिंगचं नाही, नावं जुळवायचं आहे. आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकात ज्याने त्याने आपल्या कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा मी नको बोललेले, कारण बाकीचे कोण बँकेतले, कोण शाळेतले, आणि मी बारावीला दोन विषयांत गेलेली ती परत बसलेच नाही, वर्षात लग्न झालं. पण एक गोष्ट माझ्या छातीत बसलीये, घरात सांगता येत नाही, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी बोलत नाही. ती लिहून टाकते.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एखाद्या दवाखान्यात नाहीतर शाळेत जुना प्रोग्राम असतो, पंधरावीस वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखीच्याने करून दिलेला. तो बंद करून नवा घ्यायचा तर जुन्यातली सगळी माहिती नव्यात न्यायला लागते. जुन्यात प्रत्येक रकान्याचं एक नाव, नव्यात दुसरं. मग एक शीट करायचं. डावीकडे जुनं नाव, मध्ये त्याचा अर्थ, उजवीकडे नवं नाव. त्याला मॅपिंग बोलतात. ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, नऊ माणसं, आणि त्यात मधला अर्थाचा रकाना भरायला मी. कारण ते जुने प्रोग्राम करणारे आपलेच लोक, त्यांनी नावं दिलेली मराठी पण लिहिलेली इंग्रजी अक्षरांत. आणि आमचे प्रोग्राम करणारे दुबे सर कानपूरचे. त्यांना मराठी येत नाही आणि मला प्रोग्राम येत नाही, म्हणून आमची जोडी.

सुरुवातीला मला हसायला यायचं. एका दाताच्या डॉक्टरांच्या प्रोग्राममध्ये डी ए टी असा रकाना होता. मी नवीनच लागलेले, मला कोणी विचारलं नाही, दुबे सरांनी डेट धरलं. मग नव्या प्रोग्राममध्ये एका आजीची तारीख आली, 'वरचा उजवा हलतो'. त्या दिवसापासून दुबे सर प्रत्येक नाव मला विचारायचे. मला बरं वाटायचं. शाळेत कोणी मला काही विचारलं नव्हतं कधी.

मग माजिवड्याच्या बाजूचं एक प्रसूतिगृह आलं. नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. खाली सकाळी बीपी-शुगरवाले पेशंट, वर बाळंतपणं. प्रोग्राम मोठ्या डॉक्टर मॅडमच्या भाच्याने केलेला, तो केव्हाच परदेशात गेला. त्यात रोज माहिती भरायच्या म्हात्रे सिस्टर. सिस्टर कोलशेतच्या जुन्या राहणाऱ्या, तीस वर्षं तिथेच, ठाण्यातली अर्धी पोरं माझ्या हातावर आलीत असं बोलायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला विचारलं, तुझं कुठं झालं गो बाळंतपण. मी बोलले डोंबिवलीला. मग तुला मी ओळखायची कशी, बोलल्या.

आता इथे थोडं किचकट आहे, पण चूक तिथेच लपलेली म्हणून सांगायला लागतं.

प्रोग्रामवाले आधी क्लास करतात. शाळेतला क्लास नाही, क्लास म्हणजे नमुना. सगळ्यात वर 'व्यक्ती'. तिला नाव, वय, पत्ता, फोन. तिच्या खाली 'पेशंट'. त्याला वरचं सगळं आपोआप मिळतं, परत लिहायला लागत नाही, शिवाय स्वतःचा केस नंबर, रक्तगट. त्याच्या खाली 'गरोदर पेशंट'. तिला वरच्या दोघांचं सगळं मिळतं, आणि वर तिचं स्वतःचं, शेवटची पाळी, बाळाचे ठोके, असलं. वरचं खालच्याला मिळतं म्हणून त्याला वारसा बोलतात. मी दुबे सरांना विचारलेलं, मग खालचं वरच्याला मिळतं का. ते बोलले, "नहीं, ऊपरवाले को नीचेवाली का कुछ पता नहीं होता." मी बोलले आमच्या घरी पण असंच आहे सर. दोघं हसलेलो.

पण हा वारसा प्रोग्रामच्या डोक्यात. माहिती ठेवायची टेबलात, आणि टेबलाला बाप-लेक काही कळत नाही, टेबल म्हणजे नुसते आडवे-उभे चौकोन. मग वारसा चौकोनांत बसवायचा कसा. दुबे सरांनी कागदावर काढून दाखवलेलं. एक रस्ता असा की गरोदर बायकांचं टेबल वेगळं ठेवायचं आणि नंबरने पेशंटच्या टेबलाला जोडायचं. दुसरा रस्ता, सगळ्यांना एकाच मोठ्या टेबलात घालायचं, आणि एका रकान्यात लिहायचं हा कोण, साधा पेशंट की गरोदर. दुसरा लवकर होतो. तिकडून रोज फोन येत होते की कधी होणार, म्हणून दुसरा केला.

मग होतं असं की सत्तर वर्षांचा शुगरवाला बाबा असतो, त्याच्या ओळीत पण बाळाच्या ठोक्यांचा चौकोन असतो. तो रिकामाच राहणार. म्हणून अशा सगळ्या चौकोनांना 'रिकामं चालेल' अशी परवानगी द्यायला लागते. एकदा ती दिली की कॉम्प्युटर कुरकुर करत नाही. बाबाचं रिकामं आहे आणि बाईचं रिकामं आहे, त्याला दोन्ही सारखंच.

मॅपिंग करायच्या दिवशी ओवीला ताप होता. ओवी माझी मुलगी, तेव्हा दीड वर्षाची. मी तिला सासूबाईंकडे ठेवून आलेले आणि त्यांचे तीन फोन येऊन गेलेले, अंग उतरत नाही, डोळे उघडत नाही. पाचला निघते असं मी सांगून ठेवलेलं. दुबे सरांनी रकान्यांची यादी दिली, दोनशेच्या वर नावं, एबीसीडीने लावलेली. नुसती नावं, आत काय लिहिलंय ते नाही. जुन्या फॉर्ममध्ये कोण कोणाच्या बाजूला बसलेलं ते पण त्यात दिसत नव्हतं. मी भराभर भरत गेले. व्हीवर आले तेव्हा पावणेपाच वाजलेले. वजन, मग व्ही ए आर, मग वय, मग वेळ. मी लिहिलं, वेट, डे, एज, टाइम. वार म्हणजे डे. त्यात विचार काय करायचा. पुढे वेळ पण होती.

पर्स खांद्याला लावली आणि दुबे सरांनी हाक मारली. त्यांनी तो रकाना उघडलेला. "अस्मिता, इस वार में सोमवार-मंगलवार कुछ नहीं है. कहीं फिर से वार लिखा है, कहीं खाली. कचरा है क्या?"

मी दारातून बोलले, "कचराच असेल सर, काढून टाका."

ते सगळं इंग्रजी अक्षरांत होतं आणि मी त्यांच्या तोंडून ऐकलं. मी जाऊन बघितलं असतं तर तीन पावलं होती. त्यांनी सगळे चौकोन पुसले, आणि दिवस तर नवा प्रोग्राम तारखेवरून स्वतःच काढतो म्हणून रकानाच ठेवला नाही. ओवीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. नवा प्रोग्राम सुरू झाला, पेढे आले, आम्ही खाल्ले.

पाच आठवडे गेले. मंगळवार होता. ऑफिसातले सगळे तक्रारीचे फोन उचलायचं काम पण माझंच. अकरा वाजता म्हात्रे सिस्टरचा आला.

"काय गो पोरी, वार कुठं गेली?"

मी बोलले, सिस्टर, आज मंगळवार.

"मंगळवार मला पण माहितेय. वार विचारते मी, वार. समोर पोरगी बसलीय, हिची वार कुठं गेली?"

मी तोंड उघडलं सांगायला की दिवस आता तारखेच्या बाजूला दिसतो, आणि तेवढ्यात ते डोक्यात शिरलं. गेली. सिस्टर गेली बोलल्या. दिवस असता तर गेला बोलल्या असत्या. वार गेला नाही, वार गेली.

आणि मला माहीत होतं. तेच सगळ्यात वाईट आहे की मला माहीत होतं. ओवीच्या वेळी पाचव्या महिन्यात मला स्वतःला सोनोग्राफीत सांगितलेलं, वार खाली आहे. पोटात बाळाला जिच्यातून रक्त जातं ती वार, ती आत वरच्या बाजूला चिकटलेली पाहिजे. खाली पिशवीच्या तोंडापाशी असली की बाळाच्या आधी रक्त यायला लागतं आणि थांबत नाही. बहुतेकींची पोट वाढतं तशी वर सरकते, माझी आठव्यात सरकली, म्हणून आठव्यात परत सोनोग्राफी करून बघायलाच लागतं. तोपर्यंत सासूबाईंनी मला बादली उचलू दिली नाही, तिसऱ्या मजल्यावरून उतरू दिलं नाही. घरात कोण आलं की त्या कानात सांगायच्या, वार खाली आहे तिची. तीन महिने तो शब्द आमच्या घरात पाण्यासारखा रोज होता. आणि ऑफिसात तोच समोर आला तर मी लिहिलं डे.

आणि आत लिहिलेलं ते कचरा नव्हतं. सिस्टर दोनच शब्द लिहायच्या. वर, नाहीतर खाली. वर पण इंग्रजीत व्ही ए आरच, म्हणून दुबे सरांना वाटलं रकान्याचंच नाव परत पडलंय. आणि खाली त्यांनी हिंदीतलं वाचलं, रिकामं. ज्या बायकांच्या पुढे सिस्टरांनी धोका लिहून ठेवलेला, त्याच आम्ही रिकाम्या समजून पुसल्या.

सिस्टर सांगत होत्या की समोरच्या पोरीची खाली होती हे मला आठवतंय म्हणून शोधतेय, पण मला काय सगळ्यांचं आठवतं काय. मोठ्या मॅडम गुडघ्याच्या ऑपरेशनने घरी होत्या, दोन नवीन डॉक्टर बघत होते आणि ते स्क्रीनवर दिसेल तेच बघणार.

खोटं कशाला सांगू, एक मिनिट मी असा विचार केला की सिस्टरला वाटतंय कॉम्प्युटरचा घोळ आहे, तसंच राहू दे, बघते बोलून फोन ठेवते, मग हळूच दुबे सरांना सांगून रकाना परत लावून घेते. मला नोकरीतून काढतील हे एवढंच डोळ्यांसमोर होतं. तेवढ्यात सिस्टर बोलल्या, "ही सापडली गो, बाकीच्या कुठं गेल्या असतील?"

मी बोलले, सिस्टर, चूक माझी आहे. फोन ठेवू नका.

दुबे सरांना सांगायला गेले तर हिंदी शब्द येईना. वार मतलब दिन नहीं सर, बच्चे का, बच्चे के बाद जो आता है, असं करत मी पोटावर हात ठेवला. आणि खाली मतलब नीचे. त्यांनी लगेच जुन्या प्रोग्रामची ठेवलेली कॉपी उघडली. ज्यांची खाली होती आणि आठवा लागला असेल अशा बायका काढल्या. सात निघाल्या.

मी एकेक नाव फोनवर वाचलं, सिस्टरांनी लिहून घेतलं आणि तिकडच्या दुसऱ्या फोनवरून लावत सुटल्या. मी इकडे धरून ऐकत होते. एक तर समोरच बसलेली. तिघी घरी होत्या, लगेच निघतो बोलल्या. एकीने आपणहून दुसरीकडे सोनोग्राफी केलेली, तिची वर गेलेली. पाच झाल्या. सहावीचा नंबर लागेना, अस्तित्वात नाही अशी टेप वाजत होती. सातवी सुवर्णा. कोलशेतची, वय तेवीस, पहिलंच. तिचा फोन वाजत होता पण उचलत नव्हती. सिस्टरांनी सासूला लावला. सासू खुशीत होती. व्याही न्यायला आलेत, सकाळीच ओटी भरली, आता खोपटला गेलेत, साडेबाराची गाडी आहे खेडला. डॉक्टरांनी परवाच सांगितलं की जा म्हणून.

सिस्टरांनी मला विचारलं, "तू खोपटला बसतेस ना गो?"

हो बोलले.

"मग पळ."

सव्वाबारा झालेले. जिना कसा उतरले मला आठवत नाही. डेपोत ही गर्दी. चौकशीच्या खिडकीवर सांगितलं तर ते बोलले चिठ्ठीवर नाव लिहून द्या, माइकवरचा माणूस जेवायला गेलाय. मी खेडची गाडी शोधत धावले. आणि धावता धावता कळलं की मी हिला ओळखणार कशी. तिच्या ओळीतले सगळे चौकोन मला पाठ होते. रक्तगट बी पॉझिटिव्ह, उंची पाच फूट एक, सातव्यात वजन बावन्न. चेहरा माहीत नव्हता.

गाडी सुरू होऊन थरथरत होती. मी चढले. तिसऱ्या की चौथ्या सीटवर एक बाई खिडकीशी बसलेली, हातभर हिरव्या बांगड्या, मांडीवर ओटीची पिशवी, त्यातून नारळ दिसत होता. मी बोलले सुवर्णा? तिने वर बघितलं.

मला श्वासच मिळत नव्हता. उतरा बोलले, दवाखान्यातून आलेय, उतरा. बाजूला तिचे वडील होते, टोपी घातलेले, शांत माणूस. ते बोलले परवाच डॉक्टरांनी जायला सांगितलंय, हा बघा कागद. त्यांनी घडी उघडून दाखवली. आमच्याच नव्या प्रोग्राममधून निघालेला कागद, स्वच्छ, सगळं नीट छापलेलं, आणि त्यात ती ओळच नव्हती.

ते बोलले, तुम्ही डॉक्टर?

नाही.

नर्स?

नाही, मी कॉम्प्युटरवर नावं जुळवते.

मागे कोणीतरी हसलं. एक जण बोलला, ताई, नावं जुळवून झाली असतील तर गाडी सोडू द्या, आमची पण लग्नं खोळंबलीत. मग आणखी हसले. कंडक्टर बाई पुढून वाट काढत आल्या, चाळिशीच्या असतील, पंच हातात. बसा नाहीतर उतरा, मध्ये उभं राहू नका, बोलल्या. मला रडायला येत होतं. एवढे पुरुष बसलेले आणि असं बोलायचं कसं, माझ्या सासूबाई घरात सुद्धा कानात बोलायच्या. पण दुसरं काही सुचेना.

"हिची वार खाली आहे," मी मोठ्याने बोलले.

कंडक्टर बाई थांबल्या. मला काही विचारलं नाही. सुवर्णाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं, कितवा विचारलं. आठवा संपतोय, सुवर्णा बोलली. बाईंनी पंच खिशात टाकला आणि वाकून तिची पिशवी स्वतः उचलली.

"काका, उतरा. तिकिटाचं मी बघते."

वडील बोलले, अहो पण डॉक्टरांनी—

"काका, पुढे घाट आहे. तिथे हिला सुरू झालं तर मी गाडी कुठे नेऊ?"

मागचं हसणं बंद झालेलं. एक म्हातारी उठून वाट करून देत होती. आमच्या एवढ्या कॉम्प्युटरला, मला, दुबे सरांना जो शब्द कळला नाही, तो त्या गाडीतल्या प्रत्येक बाईला एका दमात कळलेला.

रिक्षात सुवर्णा माझ्या बाजूला बसली. वडील पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, कागद अजून हातात. माजिवड्याच्या सिग्नलला ती हळूच बोलली, "मला पाचव्यात सांगितलेलं खाली आहे म्हणून. परवा मी विचारलं पण. डॉक्टर स्क्रीनकडे बघून बोलले, इथे तसं काही नाही. मला वाटलं वर गेली असेल."

मी तिला सांगितलं की तिथे होतं, मी काढलं. तिला ते नीट कळलं नसावं. ती बोलली, तुम्ही धावत आलात ना. मला ते ऐकवेना.

सोनोग्राफीत खालीच निघाली. ठेवून घेतलं. नऊ दिवसांनी सकाळी नाश्त्याच्या वेळी तिला रक्त सुरू झालं. पलंगावर होती, ऑपरेशन थिएटर त्याच मजल्यावर, रक्ताच्या बाटल्या आणून ठेवलेल्या. सिस्टरांचा मला दुपारी फोन आला, सुटली गो, दोघी बऱ्या आहेत, मुलगी झाली, काळीसावळी, तुझी ओवी पण अशीच असेल, ती मी कुठं बघितलीय. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

ऑफिसात मालकीण मॅडमनी दोघांना बोलावलेलं. मी सगळं सांगितलं, डे लिहिलं ते, दारातून कचरा बोलले ते. दुबे सर मध्येच बोलले, आधी माझं ऐका, सगळ्यांना एका टेबलात मी घातलं. वेगळं टेबल असतं, रकाना तसाच ठेवून तो चौकोन रिकामा चालणार नाही असं लावलं असतं तर कॉम्प्युटरने पुढे जाऊच दिलं नसतं, पहिल्याच ओळीला अडला असता. मला वाटलेलं ते माझ्यावर ढकलतील. नोकरी गेली नाही. पण मॅडमनी एक विचारलं ते राहिलं. अस्मिता, तुला स्वतःला हे झालेलं ना, मग तुला कसं नाही कळलं?

घाई होती, ओवीला ताप होता, हे खरंच आहे, पण ते पूर्ण नाही. मी नंतर खूप विचार केला, भांडी घासताना, ओवीला झोपवताना. मला वाटतं मी ऑफिसात शिरताना घरातले शब्द दारात काढून ठेवायची, चपलेसारखे. कॉम्प्युटरच्या आत असतात ते शिकलेल्या लोकांचे शब्द, डे, टाइम, असले. माझ्या सासूबाई कानात बोलतात तो शब्द तिथे आत बसलेला असेल असं माझ्या मनातच आलं नाही. मला ठेवलेलं त्याच शब्दांसाठी आणि मलाच ते वाटलं नाही.

आता तिथे वेगळं टेबल आहे. वारचा चौकोन भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, लाल होतो, आणि म्हात्रे सिस्टरांची त्या लालवरून मी रोज बोलणी खाते. काय वैताग लावलायस गो, सोनोग्राफी व्हायच्या आधी मी काय लिहू. मग आम्ही 'अजून बघितली नाही' असा तिसरा शब्द घातला. नवं नाव इंग्रजी आहे, पण मधल्या चौकोनात अर्थ मी लिहिलाय. वार, ती, बाळाची. वर किंवा खाली. खाली म्हणजे रिकामी नाही. दुबे सरांनी ते वाचायला लावलं मला, मग स्वतः पाठ केलं. आणि मी आता नुसती यादी घेत नाही, कोणाचीच. आत लिहिलेल्या दहा ओळी दाखवा बोलते, आणि जी बाई रोज ते भरते तिला फोन लावून द्या बोलते. ती बाई कोण हे पुष्कळदा मालकांना माहीतच नसतं, शोधायला लागते.

सहावी राहिली. तिचं नाव मंगल. सिस्टर तिच्या पत्त्यावर स्वतः जाऊन आल्या, कोलशेत खाडीच्या बाजूला भाड्याची खोली. नवरा एका बांधकामावर वॉचमन होता, ते काम संपलं, महिनाभरापूर्वी निघून गेलेले. गाव कोणतं ते शेजारणीला माहीत नव्हतं. परभणीकडचं असेल बोलली, नक्की नाही. आमच्या टेबलात गावाचा रकाना होता, सोडून दिलेला, कारण रिकामं चालेल असं होतं.

तिचे दिवस केव्हाच भरून गेले. कदाचित तिची वर गेली असेल, बहुतेकींची जातेच. कदाचित गावाला चांगल्या ठिकाणी झाली असेल. मी स्वतःला हेच सांगते. तरी आठवड्यातून एकदा, जेवायच्या सुट्टीत, कोणी बघत नसताना मी तिची ओळ उघडते. सुवर्णाच्या ओळीत सगळे चौकोन भरलेत, प्रसूतीची तारीख, वेळ, मुलगी, वजन दोन किलो तीनशे. मंगलच्या ओळीत वारचा चौकोन आता बरोबर आहे, आम्ही परत आणला, तिथे लिहिलंय खाली. त्याच्या पुढे तारीख, त्याच्या पुढे वेळ, त्याच्या पुढे मुलगा की मुलगी, वजन. ते सगळे पण खाली आहेत. दुबे सरांच्या भाषेतले.